एक्केचाळिसावी पोच

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मी आमच्या इतिहास मंडळाच्या चिटणीसपदाचा राजीनामा दिला. बाराच्या आत तो नामंजूर झाला. चार वर्षांतला हा चौथा राजीनामा होता.

वार्षिक सभा नेहमीप्रमाणे बेळगावात, शहापुरातल्या कार्यालयात होती. कार्यालय म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि वीस खुर्च्या, मागच्या खोलीत पाच लोखंडी कपाटे. सतरा सभासद हजर होते. अध्यक्ष निवृत्त वकील आहेत. त्यांनी माझे पत्र वाचून दाखवले आणि कुणाला काही बोलायचे आहे का, असे विचारले.

पोस्टातून निवृत्त झालेले एक सभासद मागच्या रांगेतून म्हणाले, "गणपती झाले की अण्णांचा राजीनामा. आता दसऱ्याच्या तयारीला लागायचं."

सगळे हसले. मीही हसलो.

अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, पदाचा राजीनामा आम्ही घेऊ. पोचपावत्यांचं काय करायचं? कपाटातला एक तरी कागद मंडळाच्या नावावर हाय का? सगळं तुमच्या नावावर. तुम्ही गेला की मंडळाकडं राहतंय काय? पाच कपाटं आणि वीस खुर्च्या."

"त्यातल्या चार मोडल्यात," पोस्टातले म्हणाले.

ठराव असा झाला: सर्व एक्केचाळीस पोचपावत्या नव्या चिटणीसांच्या नावावर झाल्या की राजीनामा त्याच दिवशी मंजूर समजावा. ठराव मीच लिहून घेतला. इतिवृत्त लिहिणे हे चिटणीसाचे काम आहे.

राजीनाम्याचे कारण मी पत्रात 'कौटुंबिक' एवढेच दिले होते. सभासदांना ते ठाऊक होते. माझ्या पत्नीला काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची दृष्टी पूर्ण गेल्यावर ती पुण्याला मुलीकडे राहायला गेली, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. डाव्या डोळ्यात दिवसातून तीनदा औषध घालावे लागते. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही. तिचे म्हणणे एकच होते. दिसतंय तोवर तुम्ही इथं या.

मला कायद्याने कोणी अडवले नव्हते. अडचण पोचपावत्यांची होती, आणि ती मी स्वतः तयार केली होती.

बारा वर्षांपूर्वी, वृत्तपत्रातल्या उपसंपादकाच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर, मी मंडळाचा चिटणीस झालो. घराघरांत पडून असलेले जुने कागद कसर आणि वाळवी लागून संपण्याआधी एका जागी आणायचे, हे मंडळाचे काम. पहिल्याच वर्षी मी जांबोटीला एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्यांच्याकडे मोडी कागदांचा एक रुमाल होता. कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. त्यात पाच पिढ्यांची पत्रे आणि भातशेतीच्या हद्दींची एक वही होती. मी मंडळाच्या नावाची छापील पोच पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"संस्थेला न्हाय देत," ते म्हणाले. "आमच्या भागात संस्थेचं काय खरं? आज हिकडं, उद्या तिकडं. बोर्ड बदलला की इचारायचं कुणाला? तुम्ही कुठं जाणार हाय?"

मी म्हणालो, "मी कुठंही जाणार नाही."

"मग तुमच्या नावानं लिवा. आणि मागितल्यावर सोता आणून देईन, असंबी लिवा."

मी तसे लिहिले, सही केली. रुमाल मिळाला. पुढच्या गावी लोक कचरू लागले तेव्हा मी जांबोटीच्या पोचेची प्रत दाखवली. ती बघून त्यांनीही तसेच लिहून मागितले. काकतीत, गुंजीत, खानापुरात, निपाणीत, सगळीकडे तोच मजकूर गेला: कागद सांभाळण्यासाठी माझ्या ताब्यात, मागितल्यास स्वतः आणून देईन. सीमेवरच्या माणसाला संस्थेपेक्षा माणूस टिकाऊ वाटतो, हे मला तेव्हा सोयीचे वाटले होते. एक्केचाळीस घरांचे कागद त्या सोयीने गोळा झाले.

मंडळाचे वर्ष ठरलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत कपाटे रिकामी करायची, कागद सावलीत पसरायचे, यादीशी ताडून पाहायचे, वेखंडाच्या पुरचुंड्या आणि डांबरगोळ्या बदलायच्या. जूनच्या आधी खिडक्यांच्या फटी बंद करायच्या. पावसाळ्याचे चार महिने दर तिसऱ्या दिवशी कपाटे उघडून तासभर पंखा लावायचा. सप्टेंबरात सभा. सभेनंतर पदाधिकाऱ्यांची यादी नोंदणी कार्यालयात कन्नडमध्ये द्यायची. कन्नड मी वाचतो, लिहायला वेळ लागतो. खिडकीवरचे कारकून "नाळे बन्नी" म्हणतात, म्हणजे उद्या या. उद्या गेल्यावर काम होते. यादीत चिटणीस म्हणून बारा वर्षे एकच नाव आहे. सुगी झाल्यावर गावांच्या फेऱ्या, जानेवारीत एक व्याख्यान, आणि पुन्हा एप्रिल.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी अकरा दिवस पुण्याला राहिलो. किल्ली पोस्टातल्या सभासदांकडे दिली होती. त्यांचे गुडघे दुखत असल्याने ते दोनदाच जिना चढू शकले. परतलो तेव्हा खालच्या कप्प्यातल्या दोन रुमालांना बुरशी लागली होती. त्यानंतर पावसाळ्यात मी बेळगावाबाहेर दोनपेक्षा जास्त रात्री काढल्या नाहीत.

नवे चिटणीस मिळणे ही मोठी अडचण नव्हती. निपाणीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई सहा वर्षे सभासद होत्या. मोडी त्या माझ्यापेक्षा वेगाने वाचतात. त्यांची आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीतल्या बायकांच्या हजेरीच्या वह्या मंडळाकडे आल्या, त्या बाईंच्यामुळे. निपाणीत पाऊस कमी. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर कपाटे ठेवता येतील, असे त्यांनी सभेत सांगितले होते. सभेने ते मान्य केले होते. मालकांच्या सह्या तेवढ्या बाकी होत्या.

ऑक्टोबरपासून आम्ही दोघे दर रविवारी निघू लागलो. बाई पहाटेच्या बसने निपाणीहून बेळगावला येत, तिथून आम्ही पुढे जात असू. सोबत जुनी पोच, तिच्या पाठीवर लिहायचा नवा मजकूर आणि शाईचे पॅड.

काकतीत एक शिक्षिका दारातच थबकल्या. "मला वाटलं, कागद हरवले ते सांगायला आलाय," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवण्याआधी सही केली. खानापुरात एका घराने आधी सगळे कागद दाखवा म्हणून सांगितले. आम्ही पुढच्या रविवारी ते नेले, त्यांनी दोन तास मोजले, सही केली, आणि एक फोटो जास्त आहे तो आमचा नाही, म्हणून परत दिला. गुंजीला रेल्वेने गेलो, तर घराला कुलूप. शेजाऱ्याने सांगितले, मालक तीन वर्षांपासून मुलाकडे पुण्याला असतात.

डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा मी त्या मालकांचा पत्ता सोबत नेला. मुलीच्या घरापासून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. जाऊन येण्यात दिवस गेला. सही मिळाली. संध्याकाळी पत्नीने विचारले, "काय आणलं?"

मी पोच दाखवली. तिने ती डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिली.

"मलाबी काहीतरी लिहून द्या," ती म्हणाली. "म्हणजे मलाबी भेटायला याल."

मुलगी म्हणाली, "आई, त्यावर शिक्काही घे."

मार्चअखेर अडतीस सह्या झाल्या होत्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत चाळीस. राहिली होती ती जांबोटीची, म्हणजे पहिली.

जांबोटीला आम्ही फेब्रुवारीतच जाऊन आलो होतो. म्हातारे आता नव्वदीला आले होते. घरात ते, थोरल्या मुलाची बायको आणि दोन म्हशी. थोरला मुलगा खानापुरात कामाला, धाकटा गोव्यात. म्हाताऱ्यांनी मला ओळखले. बाईंकडे बराच वेळ पाहिले.

"ह्या कुणाच्या?"

"निपाणीच्या," मी म्हणालो. "कॉलेजात शिकवतात. आता चिटणीसपद—"

"गाव न्हाय इचारलं."

बाई म्हणाल्या, "आम्ही बौद्ध, आप्पा. आजी वखारीत होती."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. सुनेने चहा आणला. एक कप चिनी मातीचा होता, एक कागदी. कागदी कप तिने बाईंसमोर ठेवला. बाईंनी चहा प्यायला आणि कप घडी करून पिशवीत टाकला.

"बाई हुशार दिसत्यात," म्हातारे म्हणाले. "त्याबद्दल काय न्हाय. पण माझा शब्द तुमच्याशी झालाय. दुसऱ्याच्या नावावर करण्यापरास माझं मला आणून द्या."

"कधी आणू?"

"मी सांगंन की."

परतीला बससाठी दीड तास थांबावे लागले. थांब्यावर आम्ही दोघेच होतो. मी काहीतरी बोलायला हवे होते. बाईच म्हणाल्या, "अण्णा, मी सही घ्यायला आलते, सोयरीक जुळवायला न्हाय. तुम्ही तोंड का पाडलंय?"

"तुम्ही हे सोडून द्याल, असं वाटलं."

"चाळीस घरं सही करणार असतील, तर एका घरासाठी सोडून कशाला देऊ? कागद त्यांचे. नेऊ देत. तुम्ही सुटाल, मी कामाला लागेन."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. रुमाल परत दिला, परत मिळाल्याची सही घेतली, की ती पोच रद्द होत होती. ठराव त्यानेही पुरा झाला असता. मी मार्चमध्ये दोनदा आणि मेमध्ये तीनदा जांबोटीला फोन केला. सून म्हणायची, "मामंजी म्हणत्यात, एवढी काय घाई लागलीय?" घाई काय आहे, ते मी एकदा सांगितले. तिने ते आत जाऊन सांगितले असावे. उत्तर आले नाही.

जूनमध्ये मी राहते घर रिकामे करायला सुरुवात केली. भांडी मुलीकडे पाठवली. ऑगस्टअखेर घर सोडतो, असे घरमालकांना सांगितले. बाईंनी निपाणीत वरचा मजला रंगवून घेतला. चाळीस घरांचे कागद तिकडे न्यायला पाऊस उघडण्याची वाट बघायची होती. तोवर कपाटे शहापुरातच होती आणि दर तिसऱ्या दिवशी पंखा लावायला मी जात होतो. कॉलेजला सुट्टी असेल त्या दिवशी बाई येत. मी गेल्यावर पावसाळा संपेपर्यंत त्या रजा काढून येणार होत्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, पुण्यात पत्नीच्या डाव्या डोळ्याची तपासणी ठरली होती. आधीच्या पंधरवड्यात तिला कडेचे दिसणे कमी झाले होते. मी मंगळवारी निघणार होतो. सोमवारी सकाळी जांबोटीहून सुनेचा फोन आला.

"मामंजींनी कागदं मागितल्यात. यायचं असंल तर ह्याच आठवड्यात या. लई दिवसाचं न्हाय आता."

पोचेवर माझ्याच अक्षरात लिहिले होते: मागितल्यास स्वतः आणून देईन. मी मंगळवारी जांबोटीला जाऊन रात्री पुण्याला निघायचे ठरवले. मंगळवारी रस्त्यावर झाड पडले म्हणून जांबोटीची बस सुटली नाही. बुधवारची सुटणार, असे स्टँडवर सांगितले. मी पुण्याला फोन लावला. पत्नीनेच उचलला.

"बुधवारी जांबोटीला जातो," मी म्हणालो. "गुरुवारी सकाळी निघतो. ह्या वेळी कायमचा."

"कायमचा हा शब्द चार वर्षं ऐकतेय."

"आता चाळीस झाल्यात. एकच राहिलीय."

"बरं. मी थांबते," ती म्हणाली. "डोळा थांबतो का, ते डॉक्टरांना विचारते."

बुधवारी रुमाल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर रेनकोटचे कापड बांधून, मी साडेनऊच्या बसला बसलो. बाईंना यायचे होते. मी नको म्हणालो. जांबोटीच्या थांब्यावरून घर दोन किलोमीटर आहे. ओढ्याला पाणी होते म्हणून वरच्या अंगाने वळसा घालून गेलो. पोचायला पाऊण तास लागला.

म्हातारे माजघरात खाटेवर होते. शुद्धीत होते. मी ओट्यावर पाय धुतले, हात कोरडे केले आणि रुमाल त्यांच्या पुढ्यात सोडला. त्यांनी वरच्या पत्रावर बोटे फिरवली. मग हद्दींची वही मागितली, नाकाशी धरली.

"वेखंड घातलंय?"

"दर वर्षी."

"चांगलं केलं."

माजघरात तीन ठिकाणी पाणी गळत होते. खाली बादली, पातेले आणि म्हशीच्या आंबोणाची पाटी ठेवली होती. म्हातारे वर कौलांकडे बघत राहिले.

"हितं ठेवून भिजवू व्हय?" ते म्हणाले. "न्या माघारी. पाऊस सरल्यावर आणा."

मी परत मिळाल्याचा कागद पुढे केला. सही केलीत तर रुमाल बाई सांभाळतील, तुम्ही म्हणाल तेव्हा आणून देतील, असे सांगितले. माझ्या पत्नीचेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"हात उचलत न्हाय," ते म्हणाले.

"अंगठा चालेल. पॅड आणलंय."

"अंगठा न्हाय लावायचा. मी चौथीपत्तोर शिकलोय."

"मग सूनबाईंची सही—"

"मी जिता असताना हिची सही कशाला?" ते म्हणाले. "तुम्ही कुठं पळून चाललाय व्हय? दिवाळीला या."

त्यानंतर त्यांनी डोळे मिटले. मी रुमाल पुन्हा बांधला. सून दारापर्यंत आली. घरातून ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात ती म्हणाली, "मामंजींच्या माघारी दोघा भावांच्या सह्या लागतील, न्हाय का? दोघं बोलत न्हाईत एकमेकांसंग. आठ वर्सं झाली."

दोघांच्या लागतील, असे मी सांगितले.

"आक्का, दिवाळीआधी काही झालं तर कळवा."

"कळवती की. पर तुमी पुण्याला जाणार म्हणाला न्हवं?"

मी रुमाल काखेत धरला आणि निघालो. पाऊस वाढला होता.

दुपारची बस पावणेदोन तास उशिरा आली. खिडकीच्या काचेतून पाणी येत होते म्हणून मी रुमाल मांडीवर घेऊन आतल्या बाजूला बसलो. वाटेतल्या किणये गावाच्या पुढे मोबाइलला रेंज आली. मुलीचा संदेश दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पाठवलेला होता. तपासणी झाली होती. डाव्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणसाचा चेहरा कळत नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते.

बस सहाच्या सुमारास बेळगावात पोचली. मी रिक्षाने शहापुरात गेलो, मागच्या खोलीतला पंखा लावला आणि टेबलावर रुमाल सोडून पाहिला. बाहेरची पिशवी ओली झाली होती. कागद कोरडे होते.